देणगीचं ऑनलाइन पान, मेल आणि क्यूआर कोड: एका ग्रंथालयाच्या खजिनदाराचा अभिप्राय

मी आमच्या ग्रंथालयाचा मानद खजिनदार. उभं आयुष्य दुसऱ्यांच्या वह्या तपासण्यात गेलं, त्यामुळे कुठलीही गोष्ट हातात आली की आधी उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचायची खोड आहे. गेल्या दीड वर्षात वाचक जोडायला आणि निधी जमवायला आम्ही जी डिजिटल साधनं वापरली, त्यांच्याबद्दल लिहितोय. मुख्य अभिप्राय देणगी घेणाऱ्या सेवेचा आहे, बाकीचं ओघात येईल. ज्या कंपन्यांनी मनस्ताप दिला त्यांची नावं लिहीत नाही. तेच दोष मला नंतर इतरांकडेही दिसले, आणि नाव वाचून तुम्ही निर्धास्तपणे त्यांच्या शेजारच्या दुकानात शिराल.

आम्हाला पैसे हवे होते ते जुन्या मासिकांच्या बांधीव खंडांसाठी. पानं शाबूत, पण शिवण सुटलेली, पुठ्ठे गळून पडलेले. बाइंडरने दर सांगितला आणि कार्यकारिणीत शांतता पसरली. मग कुणीतरी नेहमीचं वाक्य टाकलं, "ऑनलाइन करा की, पैसे येतील."

आमची सहायक ग्रंथपाल वयाने माझ्या मुलीएवढी. पुढच्या सभेला ती लॅपटॉप घेऊन आली आणि जगभरच्या ग्रंथालयांनी काय काय केलं ते दाखवलं. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने ऑगस्ट २०१८मध्ये इन्स्टाग्रामच्या स्टोरीजमध्ये अख्ख्या कादंबऱ्या टाकल्या होत्या. पान वाचून होईपर्यंत अंगठा टेकवून धरायचा, उचलला की पुढचं पान. अंगठा कुठे टेकवायचा ती जागासुद्धा चित्रातच आखलेली. ही कल्पना मला फार आवडली, कारण पुस्तक वाचताना अंगठा असाच पानावर असतो.

दुसरं उदाहरण ट्रॉयचं, मिशिगन राज्यातलं. तिथलं ग्रंथालय वाचवण्यासाठी ०.७ टक्के करवाढीवर २ ऑगस्ट २०११ला मतदान होतं. कराला विरोध करणाऱ्यांचा आवाज मोठा होता. ग्रंथालयाच्या बाजूच्या मंडळींनी एका जाहिरात संस्थेच्या मदतीने आपलं नाव न सांगता पाट्या लावल्या आणि फेसबुकवर पान काढलं: ग्रंथालय बंद करण्यासाठी मत द्या, मग पुस्तकं जाळण्याच्या समारंभाला या. गावाचं डोकं फिरलं. चर्चा कराची राहिलीच नाही, पुस्तकांची झाली. शेवटी खरं काय ते उघड केलं आणि करवाढ मंजूर झाली.

सभेत दोघांचे डोळे चमकले. मी म्हटलं, हे आपल्याला जमणारं नाही. ही एकदाच खेळायची खेळी आहे आणि फसली तर वाचक वर्षानुवर्षं तोंड फिरवतील. शिवाय तिथे हवं होतं मत, आपल्याला हवेत पैसे. मत द्यायला राग पुरतो. पैसे द्यायला माणसाला पाकीट शोधावं लागतं, आणि पाकीट सापडेपर्यंत राग निवतो.

तर देणगीची सेवा. ही मंडळी तुम्हाला एक पान बनवून देतात, त्यावर कार्डाने किंवा बँकेतून पैसे भरता येतात, पावती आपोआप जाते आणि ठरावीक दिवसांनी रक्कम आपल्या खात्यात येते. नोंदणीला दोन आठवडे लागले, त्यात नवल नाही; संस्था खरी आहे का हे त्यांनी तपासायलाच हवं. पान सुरू झालं आणि पहिल्या महिन्यात जवळजवळ काहीच आलं नाही. सहायक म्हणाली, "काका, तुम्ही स्वतः एकदा देणगी देऊन बघा ना. लॅपटॉपवर नाही, फोनवर."

बसलो. रकमेच्या चौकटीत बोट टेकवलं तर अक्षरांचा कीबोर्ड उघडला. आकडे टाकायला आधी आकड्यांची कळ शोधायची. पुढे नाव, मेल, दूरध्वनी, पत्ता, पिनकोड, आणि "आमच्याबद्दल कुठे ऐकलंत?" सगळ्यांवर तांबडी चांदणी, म्हणजे भरल्याशिवाय सुटका नाही. मी भरलं, पुढे गेलो, मागे आलो, तर सगळं कोरं. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं चौथं वाचकाचा वेळ वाचवा असं सांगतं. दात्याच्या वेळेबद्दल सूत्र लिहायची वेळ येईल असं त्यांना वाटलं नसावं.

आणि मग शेवटच्या स्क्रीनवर तो स्लायडर. वर गोड भाषेत लिहिलेलं, "आमची सेवा मोफत राहावी म्हणून ऐच्छिक सहकार्य करा." गोळी आधीच १५ टक्क्यांवर सरकवून ठेवलेली. डावीकडे ओढली तर ५वर येऊन अडते. शून्य करायचं असेल तर खाली फिक्या करड्या अक्षरात "इतर रक्कम" असं आहे, ते दाबायचं आणि हाताने ० लिहायचं. माझ्यासारख्या बारीक अक्षरं वाचणाऱ्या माणसालासुद्धा ते दुसऱ्या खेपेला दिसलं.

दोनच दिवसांनी एका जुन्या वाचक बाईंचा फोन आला. त्या आमच्याकडे अनेक वर्षं येतात, आवाज कधी चढत नाही. "अहो, तुमच्या पावतीवर एक आकडा आहे आणि माझ्या बँकेच्या मेसेजमध्ये दुसरा. वरचे पैसे मी कुणाला दिले?" मी सांगितलं. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पुढच्या वेळी मी तिथे येऊनच देईन." रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सेवा "मोफत" असते तेव्हा पैसे कुठून येतात हे खजिनदाराने आधी विचारायला हवं होतं. ती चूक माझी. कंपनीला लिहिलं तर कळलं की स्लायडर बंद करता येतो, पण मग शंभरामागे पाच ते आपल्याकडून कापून घेणार, शिवाय कार्डाचं शुल्क वेगळं. मी त्याच दिवशी बंद करून घेतला. कार्यकारिणीत प्रश्न आला की फुकट मिळत होतं ते विकत का घेतलं. माझं म्हणणं एवढंच होतं की उघडपणे कापलेले पाच मला वहीत लिहिता येतात. दात्याच्या खिशातून नकळत गेलेल्या पंधराची नोंद कुठल्या खात्याला करू?

आता चांगलं. पावती खरोखर मिनिटाच्या आत जाते. दात्यांची यादी एक्सेलमध्ये उतरवून घेता येते. ती नावं आपली राहतात, कंपनीच्या कुलुपात अडकत नाहीत, आणि माझ्या मते सेवा निवडताना पहिला प्रश्न हाच विचारावा. ताळमेळ घालणं सोपं आहे. बँकेत पैसे ठोक जमा होतात, एका रकमेत सतरा देणग्या असतात, पण कुठल्या जमेत कोणत्या देणग्या आणि किती कपात याचा तक्ता मिळतो. हा तक्ता नसता तर मी पहिल्या तिमाहीतच राजीनामा दिला असता. देणगी कुठल्या कामासाठी आहे ते निवडायची सोयही आहे. तिथे एक ओळ आम्ही आमची घातली: ठरल्यापेक्षा जास्त जमलं तर ते इतर पुस्तकांच्या बांधणीला वापरू. ती ओळ नसेल तर एका कामासाठी आलेला पैसा दुसरीकडे वळवताना लेखापरीक्षक तुम्हाला समोर बसवतो, आणि ते बरोबरच आहे.

पण पैसे पानाच्या सोयीने आले नाहीत, पानावरच्या मजकुराने आले. पहिला मजकूर मीच लिहिला होता: "ग्रंथालयाच्या सर्वांगीण विकासासाठी सढळ हस्ते साहाय्य करावे." अहवालातली भाषा. सहायकने तो काढला आणि एक फोटो टाकला. टेबलावर एक खंड आडवा, कणा निघालेला, शिवणीचा दोरा बाहेर लोंबतोय, आणि मापाला शेजारी तिचा तळहात. खाली दोनच वाक्यं: "या खंडाची शिवण सुटली आहे. पानं सगळी आहेत." रकमेची बटणंही बदलली. आधी गोल आकडे होते. आता एक खंड, दोन खंड, एक पूर्ण वर्ष. ब्रिटिश लायब्ररीसारख्या मोठ्या संस्थाही पुस्तक दत्तक घेण्याच्या योजनेतून जतनासाठी पैसे उभे करतात, तेव्हा कल्पना आमची म्हणून मिरवत नाही. पण फोटोतला तळहात आमचा.

एक खंड बांधून आला की त्याच जागी, त्याच टेबलावर, त्याच हातासह दुसरा फोटो काढायचा आणि ज्याने पैसे दिले त्यालाच आधी पाठवायचा. सगळ्यांना नंतर. दुसऱ्यांदा देणाऱ्यांची माझ्या वहीतली नावं पाहिली तर बहुतेकांची दुसरी देणगी या फोटोनंतरच्या आठवड्यातली आहे. आपोआप जाणाऱ्या आभाराच्या मेलनंतर एकही नाही. त्या मेलचा मजकूर सेवेने तयार दिलेला असतो आणि तो तसाच वाटतो. पहिल्या दिवशी बदलून टाका.

क्यूआर कोडचं प्रकरण मात्र सांगायला लाज वाटते. आम्ही हजार बुकमार्क छापले, मागे कोड. घडवणाऱ्या संकेतस्थळावर "फुकट" लिहिलं होतं. दोन प्रकार असतात हे तेव्हा माहीत नव्हतं. एकात तुमचा पत्ता थेट कोडच्या ठिपक्यांत असतो, तो कधी मुदतबाह्य होत नाही. दुसऱ्यात ठिपक्यांत कंपनीचा आखूड पत्ता असतो आणि कंपनी तिथून तुमच्याकडे पाठवते. नंतर पत्ता बदलता येतो, किती जणांनी स्कॅन केलं ते कळतं, म्हणून तो आकर्षक वाटतो. आमचा दुसरा होता. चौदा दिवसांची चाचणी संपली आणि पंधराव्या दिवशी एक कॉलेजचा मुलगा काउंटरवर येऊन म्हणाला, "तुमच्या बुकमार्कमधून कसलीतरी जाहिरात उघडतेय." उरलेल्या बुकमार्कांवर नवीन कोडची चिकटपट्टी लावत आम्ही तिघं दोन संध्याकाळ बसलो. वाटून झालेले गेले ते गेलेच.

हे टाळायला काहीच लागत नाही. क्यूआर कोड डेन्सो वेव्ह या जपानी कंपनीने १९९४ साली वाहनांचे सुटे भाग ओळखण्यासाठी काढला आणि पेटंट असूनही वापर खुला ठेवला, त्यामुळे साधा कोड बनवायला कुणालाही पैसे द्यायची गरज नाही. पुढेमागे पत्ता बदलायचा असेल तर कोड आपल्याच संकेतस्थळावरच्या एका पानाचा करावा आणि त्या पानावरून हवं तिथे वळवावं. कोड बनवताना चूक-दुरुस्तीची (एरर करेक्शन) सर्वांत वरची पातळी निवडली तर सुमारे ३० टक्के भाग झाकला गेला तरी कोड वाचला जातो. आम्ही मधोमध ग्रंथालयाचा शिक्का बसवला आहे आणि चालतो. छापण्याआधी एका जुन्या, ओरखडे पडलेल्या फोनवर तपासा. आणि कोडखाली पत्ता अक्षरांतही छापा.

मेल पाठवायची सेवा वेगळी घेतली. पहिली बातमीपत्राची मेल बहुतेकांच्या स्पॅममध्ये गेली, दोष आमचाच. आम्ही ती फुकटच्या मेल पत्त्याच्या नावाने त्या सेवेतून पाठवली होती. म्हणजे लिफाफ्यावर एकाचं नाव आणि शिक्का दुसऱ्या टपालघराचा. फेब्रुवारी २०२४पासून गूगल आणि याहू यांनी या बाबतीत नियम कडक केले. एसपीएफ आणि डीकेआयएम अशा दोन नोंदी असतात, ज्यांतून ही मेल खरंच आमचीच आहे हे ठरतं. आमचं स्वतःचं डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचं नाव होतं, त्यावर या नोंदी करायला सहायकच्या मित्राला अर्धा तास लागला. स्पॅम म्हणून तक्रारी हजारात तीनच्या खाली ठेवाव्या लागतात. म्हणूनच "यादीतून नाव काढा" हे बटण मी वर, ठळक ठेवायला लावलं. एक सदस्य वैतागले, "लोकांना जायचा रस्ता कशाला दाखवायचा?" रस्ता दिसला नाही तर माणूस स्पॅमचं बटण दाबतो आणि मग आपली मेल राहणाऱ्यांनाही पोहोचत नाही.

"किती जणांनी उघडली" हा रकाना मी आता बघत नाही. मेलमधलं चित्र उतरलं की ती उघडली असं धरतात. सप्टेंबर २०२१पासून ॲपलच्या मेलमध्ये गोपनीयतेची सोय आली, त्यात चित्रं आधीच उतरवून घेतली जातात आणि न वाचलेली मेलही उघडल्यासारखी मोजली जाते. सभेत तो टक्का सांगितला की टाळ्या पडतात. मी देणगीच्या दुव्यावर किती जणांनी बोट टेकवलं ते बघतो आणि मग बँकेचं स्टेटमेंट.

व्हॉट्सॲपबद्दल थोडक्यात. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण मावतात आणि ज्याने आपला नंबर फोनमध्ये साठवलाय त्यालाच निरोप पोहोचतो. हे न वाचता आम्ही महिनाभर निरोप पाठवत राहिलो आणि लोक रुक्ष झालेत असं समजत राहिलो. आता नवीन सभासदाचा फॉर्म भरून घेताना काउंटरवरच नंबर साठवून घेतो. ग्रुप काढला होता, तो बंद केला. पुस्तकांच्या चार निरोपांमागे सुप्रभाताची चाळीस चित्रं. चॅनल बरं आहे, एकतर्फी आणि नंबर कुणाला दिसत नाहीत.

रील्सवर माझं मत सहायकपेक्षा वेगळं आहे, ती हे वाचून भांडेल. बाइंडर सुईत दोरा ओवतोय अशी चाळीस सेकंदांची तिची रील हजारोंनी पाहिली. त्या आठवड्यात देणग्या आल्या तीन. पण नवे सभासद आले, आणि त्यातले काही थेट विचारत होते, "ते शिवतात ते कुठे बसतात?" म्हणजे काम झालं, मला हवं ते नाही, ग्रंथालयाला हवं ते. पैसे भरून पोस्ट "बूस्ट" करण्याचा प्रयोग मात्र एकदाच केला. अंगठे भरपूर मिळाले, बहुतेक अशा लोकांचे जे आमच्या दारात कधीच येणार नाहीत.

एक गोष्ट आमच्या अंध सभासदाने दाखवली. कार्यक्रमाची तारीख, वेळ, देणगीचं आवाहन, सगळं आम्ही सुबक पोस्टरच्या चित्रात लिहीत होतो. ते म्हणाले, "तुमच्या आवाहनावर माझा फोन मला एकच शब्द वाचून दाखवतो. प्रतिमा." तेव्हापासून चित्राचा मजकूर खाली अक्षरांत येतो, आणि प्रत्येक चित्राला वर्णन जोडतो.

कार्यकारिणीत एक सूचना आली होती, ती नोंदवून ठेवतो. कोण कुठली पुस्तकं नेतो हे संगणकात आहेच, तर आरोग्याची पुस्तकं नेणाऱ्याला आरोग्य विभागासाठी आवाहन पाठवू. मी आणि ग्रंथपाल दोघांनीही नकार दिला. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या आचारसंहितेतही वाचकाच्या गोपनीयतेचं कलम आहे, पण तो कागद हाताशी नसता तरी उत्तर हेच असतं. आजाराचं पुस्तक घरी नेलेल्या माणसाला आठवड्याने आपलं पैशाचं पत्र गेलं तर त्याला काय वाटेल, एवढं विचारलं आणि विषय संपला.

दरमहा देणाऱ्यांबद्दल एक इशारा. कार्डाची मुदत संपली की देणगी गुपचूप थांबते. सेवा तशी सूचना पाठवते, पण आमच्याकडे ती नोंदणीच्या वेळी दिलेल्या, कुणीच न बघणाऱ्या पत्त्यावर जात होती. वर्षाअखेरीस ताळा घालताना आठ नावं गळालेली दिसली. मी आठही जणांना स्वतः फोन केले. सहा जणांना पत्ताच नव्हता, त्यातले एक तर म्हणाले, "मी तर दर महिन्याला मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो." पाच जणांनी त्याच दिवशी पुन्हा सुरू केलं. आता ती यादी मी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात छापून घेतो आणि पेन घेऊन बसतो.

सेवा आणखी एका वर्षासाठी घेतली आहे, स्लायडर बंद ठेवून. पाचपैकी साडेतीन तारे. आकड्यांचा कीबोर्ड त्यांनी दुरुस्त केला, मागे गेल्यावर फॉर्म कोरा होणंही थांबलं. दूरध्वनीचा रकाना अजून सक्तीचाच आहे. तीन वेळा लिहिलं, तिन्ही वेळा "आपल्या बहुमोल सूचनेबद्दल आभार" असं उत्तर आलं, मिनिटाच्या आत.